खोट टांकसाळीतली की बाहेरची?

(दृश्य: पंचगंगेचा घाट, ब्रह्मपुरीची टेकडी)

कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या या टेकडीत इथल्या प्राचीन कुर राजांची शिशाची नाणी निघाली. बाण चढवलेलं धनुष्य, भोवती ब्राह्मी अक्षरं. त्यातली काही पाहताना वाटतं, टांकसाळीत कुणाचा तरी हात चुकला असावा, कारण एका राजाच्या नावाखालून दुसऱ्याचं नाव डोकावतं. पण तो घोटाळा नव्हता. वासिष्ठीपुत्र विळिवायकुराच्या नाण्यांवर माढरीपुत्र सिवलकुरानं मुद्दाम आपला ठसा मारला आणि पुढं दोघांच्याही नाण्यांवर गौतमीपुत्र विळिवायकुरानं. कोण आधी, कोण नंतर, हे अभ्यासकांनी ठशांच्या या थरांवरूनच लावलं.

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, किंवा मोबाईलवर कुणी ‘एरर कॉइन’, म्हणजे टांकसाळीत चूक होऊन बनलेलं नाणं, म्हणून काही पुढं केलं, की तपासायचं तेच: आधी काय झालं, नंतर काय?

(दृश्य: चांदीकामाचं गाव हुपरी. चांदीच्या पत्र्यावर पडणारी डाय, म्हणजे ठसा)

हुपरीच्या कारागिराला हे शिकवावं लागत नाही. डायला तडा गेला की दाबाखाली धातू त्या फटीत शिरतो आणि मालावर उंच रेघ उमटते. नाण्याचंही तसंच. भिंग घ्या, उजेड तिरका धरा. सिंहांवरून गेलेली रेघ उंच असेल तर ती डाय क्रॅक. खोल असेल तर बहुतेक ओरखडाच. बहुतेक म्हणायचं, कारण छाप पडताना मध्ये दोरा किंवा वंगण अडकलं तरी खळगा पडतो. फक्त त्याच्या कडेला खरवडून वर आलेला धातू दिसत नाही.

(दृश्य: कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेलं नाणं)

हा तुकडा कानशीनंही काढता येतो. खरा असेल तर तो छापण्याआधीच गेलेला असतो: ज्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापतात ती नीट सरकली नाही, आणि चकती आधीच्या भोकावर चढून कापली गेली. अशा चकतीची कड उचलताना समोरच्या बाजूला पुरता दाब मिळत नाही. म्हणून तुटल्या जागेच्या बरोबर समोरची किनार बहुधा फिकी दिसते. नंतर कापलेल्या नाण्याला समोर मात्र ठणठणीत कड असते.

सगळ्यात जास्त फसवतं ते उलटी छाप असलेलं नाणं. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं, की पुढच्या चकतीवर त्याचीच आरशातल्यासारखी, खोल प्रतिमा उठते. हे ब्रॉकेज. त्याची दुसरी बाजू स्वच्छ छापलेली असते. दोन नाणी शेगड्यात (व्हाइसमध्ये) दाबूनही खोल प्रतिमा आणता येते, पण तिच्याखाली मूळची नक्षी चेपलेली सापडते आणि मागची बाजूही सपाट होते.

वजनकाटा हवाच. 2011 च्या मालिकेत (2019 च्या नव्या मालिकेआधी) रुपया 3.79 ग्रॅमचा, दोन रुपये 4.85 चे. दोन रुपयांची छाप रुपयाच्या चकतीवर पडली, तर वजन रुपयाचं भरतं, व्यासही जवळपास रुपयाचाच, आणि छाप कडेला कापली जाते. वजन कमी पण व्यास जवळजवळ पूर्ण, शिवाय अक्षरं विरघळल्यासारखी, म्हणजे आम्ल.

(दृश्य: दोन नाणी शेजारी)

उरला झिजलेला ठसा. लाखो दाब सोसल्यावर अक्षरं फुगतात, किनारीकडं ओढल्यासारखी दिसतात, पण नाण्याची झळाळी शाबूत असते. खिशात झिजलेल्या नाण्याचे आधी उंचवटे सपाट होतात. ठसा जरासा हलला, तर अक्षराशेजारी चपटी पायरी उठते. तीच ‘डबल डाय’ म्हणून खपवतात. खरी डबल डाय ठसा घडवतानाच होते, आणि तिची दोन्ही अक्षरं गोलाईदार उठतात. फुगलेली अक्षरं नि चपटी पायरी, दोन्हींना दर्शनी किमतीपेक्षा जास्त देऊ नये, असं आमचं मत.

आणि वर्षाखालचा ठिपका, पत्त्यातल्यासारखी चौकट, तारा ही टांकसाळीची खूण, दोष नव्हे. खूण नसेल तर नाणं कोलकात्याचं. यांना ‘दुर्मिळ’ म्हणून लाखाचा भाव सांगणारे आणि आधी ‘फी’ भरा म्हणणारे पुष्कळ आहेत. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रीत कमिशन मागितलं जातं, असा इशारा खुद्द बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच दिला. तशी फी बँक घेत नाही, आणि कुणाला घ्यायला सांगितलेलंही नाही.