एक रेष, साठ हात

नमस्कार श्रोतेहो.

दहावी-बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक संवाद हमखास होतो. मुलगी किंवा मुलगा म्हणतो, "मला चित्रं काढायचीत. अ‍ॅनिमेशन करायचंय." आई-वडील विचारतात, "त्यातून पुढे काय?" प्रश्न काळजीपोटी आलेला असतो आणि रास्तही असतो. आज मी त्याचं उत्तर एका चित्रकर्तीच्या वाटचालीतून शोधणार आहे. त्यांचं नाव गीतांजली राव. बोधचित्रकार, म्हणजे मजकुराला साजेशी चित्रं काढणाऱ्या, अ‍ॅनिमेटर, दिग्दर्शक आणि रंगभूमीवरच्या अभिनेत्रीसुद्धा.

गीतांजली राव यांनी मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेतून १९९४ मध्ये पदवी घेतली. उपयोजित कला म्हणजे जाहिरात, मुखपृष्ठ, पोस्टर, बोधचित्र यांचं शिक्षण. तिथे हाताला एक शिस्त लागते. एकाच चित्रात गोष्ट सांगून मोकळं व्हायचं, तेही ठरलेल्या वेळेत. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं किंवा वसंत सरवट्यांची रेषाचित्रं आठवा. खाली सही नसली तरी चित्र कुणाचं हे मराठी वाचक लांबूनही सांगायचा. बोधचित्रकार जे कमावतो ते हेच. आणि पुढे तो अ‍ॅनिमेशनकडे वळला तर त्याची खरी शिदोरीही हीच असते.

अ‍ॅनिमेशन मात्र त्या कॉलेजात शिकल्या नाहीत, ते त्यांनी स्वतःचं स्वतः आत्मसात केलं. आपल्याकडे हे नवं नाही. दादासाहेब फाळके याच ज. जी. कलाशाळेत चित्रकला शिकले होते. सिनेमासाठी भांडवल उभं करायचं होतं तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचं रोज थोडंथोडं चित्रण केलं. पडद्यावर ते रोप भराभर वाढताना दिसलं आणि पैसे घालणाऱ्याचा विश्वास बसला. पुढे १९१५ मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या थोड्याथोड्या सरकवत, दर वेळी एकेक फ्रेम म्हणजे एकेक स्थिर चित्र टिपत, पडद्यावर नाचवल्या. त्या लघुपटाचं नाव 'आगकाड्यांची मौज'. तिथून १९५६ मध्ये येऊ. मुंबईत फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेत कार्टून विभाग सुरू झाला आणि डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स तिथल्या कलाकारांना शिकवायला आले. त्या पहिल्या तुकडीत राम मोहन होते. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'मधला अ‍ॅनिमेशनचा भाग त्यांचाच. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही सगळी माणसं काम करता करता शिकली.

आता गीतांजली राव यांच्या 'प्रिंटेड रेनबो'कडे येते. हा लघुपट २००६चा, पंधरा मिनिटांचा. महानगरातल्या एका घरात एक एकटी म्हातारी राहते, सोबतीला मांजर. तिच्याकडे काडेपेट्यांचा संग्रह आहे. त्या पेट्यांवरच्या छापील चित्रांत ती शिरते आणि प्रत्येक पेटीत वेगळं, रंगांनी भरलेलं जग उघडतं. बाहेरचं शहर करडं, पेटीतलं जग रंगीत. संवाद नाहीत. फाळक्यांच्या आगकाड्या आणि या काडेपेट्या यांत नव्वदएक वर्षांचं अंतर आहे. दोघंही ज.जी.च्या परिसरात घडलेले. हा योगायोग आहे, तरी मला तो फार प्रिय आहे.

या लघुपटाचं लेखन, दिग्दर्शन, अ‍ॅनिमेशन, निर्मिती सगळं त्यांनी स्वतः केलं. म्हणजे नेमकं काय केलं, ते समजायला थोडा हिशेब मांडू या. पडद्यावर सेकंदाला चोवीस फ्रेम जातात. अ‍ॅनिमेटर बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेमना वापरतो, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. पंधरा मिनिटांचे नऊशे सेकंद. नऊशे गुणिले बारा, दहा हजार आठशे चित्रं. एका माणसाने रोज बारा रंगवली तर दिवसाकाठी पडद्यावरचा एक सेकंद तयार होतो. नऊशे सेकंदांना नऊशे दिवस, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं, एकही सुट्टी न घेता. काही चित्रं स्थिर ठेवता येतात, पार्श्वभूमी पुन्हा वापरता येते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा खाली येतो. पण कथा लिहिणं, स्टोरीबोर्ड म्हणजे प्रसंगांचा चित्रांतला आराखडा करणं, जमलं नाही म्हणून पुसून पुन्हा काढणं हे या हिशेबात धरलेलंच नाही. आणि या काळात कुणी पगार देत नाही. चित्रं रंगवणाऱ्या हाताला घरभाडंही भरायचं असतं.

२००६ मध्ये हा लघुपट कान महोत्सवाच्या 'क्रिटिक्स वीक', म्हणजे समीक्षकांनी निवडलेल्या चित्रपटांच्या विभागात दाखवला गेला आणि त्याला तिथे तीन पुरस्कार मिळाले. एका बाईने एकटीने रंगवलेल्या पंधरा मिनिटांना जगभरातल्या समीक्षकांनी दाद दिली. पुरस्कारामुळे दारं उघडतात, फोन येतात, आपलं नाव इतरांच्या तोंडी येतं. हे सगळं हवंच असतं आणि त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. पण माझ्या मते कलावंत म्हणून त्यांची ओळख त्याच्या आधीच तयार झाली होती, त्या सलग वर्षांत. 'प्रिंटेड रेनबो'ची कुठलीही एक फ्रेम थांबवून बघा. जाड, ओलसर वाटणारा रंग, किंचित थरथरती कडा, चेहऱ्यावरचा थकवा. हा हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे कळतं. स्टुडिओत दुसऱ्यांच्या पात्रांची बारकी कामं करून हात चपळ होतो, आणि ते कामही सन्मानाचं आहे. स्वतःची रेष मात्र स्वतःची गोष्ट पूर्ण केल्यावरच पक्की होते.

इथे गोष्ट सुखान्त व्हायला हवी होती. तशी झाली नाही, म्हणूनच मला ती तुम्हाला सांगावीशी वाटते. कानच्या यशानंतर त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट यायला तेरा वर्षं गेली. २००६ ते २०१९. आपल्याकडे अ‍ॅनिमेशन म्हणजे लहान मुलांचं, असा समज घट्ट बसलाय. मोठ्यांच्या प्रेमाची, स्थलांतराची, एकटेपणाची गोष्ट रंगवलेल्या चित्रांतून सांगायची म्हटलं की पैसे घालणारा बिचकतो. आपल्या स्टुडिओंना परदेशी मालिका-सिनेमांची कामं मिळतात, त्यातून महिन्याचा खर्च निघतो आणि शेकडो तरुणांची घरं चालतात. त्यामुळे मूळ भारतीय कल्पनेवर वर्षानुवर्षं पैसा आणि वेळ घालायला फार थोडे जण तयार होतात. हे चित्र बदलायला हवं, आणि त्याची सुरुवात प्रेक्षक म्हणून आपल्यापासून होऊ शकते, असं मी अगदी मनापासून म्हणते.

मधल्या काळात त्या थांबल्या नव्हत्या. 'ट्रू लव्ह स्टोरी' हा लघुपट २०१४ मध्ये पुन्हा कानच्या त्याच विभागात गेला. मुंबईच्या रस्त्यावर फुलं विकणारी तरुण माणसं आणि त्यांची सिनेमातून उचललेली स्वप्नं. २०१८ मध्ये 'ऑक्टोबर' या हिंदी चित्रपटात त्यांनी नायिकेच्या आईची, प्राध्यापक असलेल्या विद्या अय्यरची भूमिका केली. तो सिनेमा पाहिलेल्यांना इस्पितळात मुलीच्या उशाशी बसलेला तो शांत, आवरून धरलेला चेहरा नक्की आठवत असेल. अ‍ॅनिमेटरला अभिनय कळावा लागतो, कारण कागदावरच्या पात्राच्या जागी आधी त्यालाच उभं राहावं लागतं. रंगभूमीने त्यांच्या चित्रांना काय दिलं, ते अशा वेळी कळतं.

या वाटेवर त्या एकट्या नाहीत. उपमन्यू भट्टाचार्य आणि कल्प संघवी या तरुण दिग्दर्शकांचा 'वेड' (इंग्रजीतलं 'Wade'), म्हणजे पाण्यातून वाट काढणं, हा लघुपट बुडालेल्या कोलकात्यात शिरलेल्या सुंदरबनच्या वाघांबद्दल आहे. २०२० मध्ये त्याला फ्रान्समधल्या अ‍ॅनेसीच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला. अ‍ॅनेसी ही १९६०पासूनची जगभरच्या अ‍ॅनिमेटरांची पंढरी. तिथेच २०२५ मध्ये सुरेश एरियत यांच्या 'देसी ऊन'ला पुरस्कार मिळाला. हे ऊन हिंदीतलं, म्हणजे लोकर. त्यातली पात्रं दख्खनी मेंढ्यांच्या खऱ्या लोकरीतून घडवली आहेत. आपल्या माळरानावरची लोकर अ‍ॅनेसीच्या पडद्यावर पोचली, याचा मला विलक्षण आनंद झाला. दूर जायला नको असेल तर आपल्या मुंबईतला मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे. तो १९९०पासून माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठी भरतो. तरुण मित्रांनो, तिथे एकदा जाऊन दिवसभर बसा.

आता २०१९. गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोझ'. फुलं विकणारी कमला, काश्मीरमधून आलेला सलीम, जुन्या सिनेमाच्या आठवणींत राहणाऱ्या शर्ली डिसूझा. मघाचा हिशेब इथे लावा. नुसती नव्वद मिनिटं धरली तरी चौसष्ट हजार आठशे चित्रं होतात. एका माणसाने रोज एक सेकंद रंगवला तर पंधरा वर्षं लागतील. म्हणून इथे सुमारे साठ चित्रकार आले आणि जवळपास दीड वर्ष एकेक फ्रेम रंगवत राहिले.

आणि खरी कसोटी इथेच लागते. एकटीने काम करताना शैली आपोआप एक राहते, कारण हात एकच असतो. साठ जण बसले की साठ सवयी येतात. कुणाचा कुंचला दाबून चालतो, कुणाचा हलका. कुणाला नाक नीटस काढायचा मोह आवरत नाही. मग पात्र सगळ्या बाजूंनी कसं दिसतं याचे तक्ते करायचे, कुठल्या प्रसंगात कुठले रंग चालतील ते आधी ठरवायचं, मुख्य चित्रं स्वतः तपासायची, मधली चित्रं काढणाऱ्याला "एवढं सफाईदार नको, जरा खरखरीत ठेव" असं समजावून सांगायचं. त्यात या सिनेमात शैलीही बदलत राहते. कमलाची स्वप्नं मुघल लघुचित्रांसारखी उमलतात, तर शर्लीबाई रस्त्यावरून चालू लागल्या की शहराचे रंग उतरतात आणि पन्नासच्या दशकातली कृष्णधवल मुंबई उभी राहते. इतकं होऊनही सिनेमा एकाच हाताने रंगवल्यासारखा वाटतो. बोधचित्रकाराचा दिग्दर्शक होतो तो मला वाटतं इथे. आपली रेष दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि तरीही ती आपली राहील एवढं नेमकेपणाने सांगता यायचं. हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही.

'बॉम्बे रोझ'ने २०१९ मध्ये व्हेनिस महोत्सवातल्या 'क्रिटिक्स वीक'चं उद्घाटन केलं. २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला आणि घरोघरी पाहता येऊ लागला. तुमच्या घरी चित्रं हलवायचा ध्यास घेतलेलं कुणी असेल, तर त्याच्या शेजारी बसून आधी 'प्रिंटेड रेनबो' आणि मग हा सिनेमा बघा. आणि शेवटी पडद्यावर नावं येऊ लागली की उठू नका. दीड वर्ष फ्रेममागून फ्रेम रंगवणाऱ्या त्या चित्रकारांची नावं तिथे आहेत. त्यांपैकी काही जण आज आपापल्या पहिल्या पंधरा मिनिटांवर काम करत असतील.

नमस्कार.