आस : पीटर ग्रीनच्या गिटारविषयी

मंडळी, आत्ता ऐकलात तो तुकडा 'द सुपरनॅचरल'. त्यात एक सूर लागतो आणि उतरायचं नावच घेत नाही. इथे कुणी सतारिया बसला असता तर म्हणाला असता, काय आस आहे! फरक असा, की सतारीची आस तार आणि तुंब्यातून येते. इथे ॲम्प्लिफायरमधून निघालेला आवाज परत तारेलाच थरथरवतो, आणि ते पिसाळू पाहणारं जनावर बोटांनी आवरायचं असतं. हे आवरणारा पोरगा जेमतेम वीस वर्षांचा होता.

पीटर ग्रीन. जन्म 29 ऑक्टोबर 1946, पूर्व लंडनमधलं बेथनल ग्रीन. ज्यू कुटुंब, मूळ आडनाव ग्रीनबॉम. 1966 साली एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलचा ब्लूजब्रेकर्स हा बँड सोडला. क्लॅप्टन म्हणजे ज्याला लोकांनी लंडनच्या भिंतींवर देव म्हणून रंगवून ठेवलं होतं, तो! त्याच्या जागी ग्रीन आला. रेकॉर्डिंगच्या दिवशी निर्माता माइक व्हर्नन क्लॅप्टनच्या ॲम्पऐवजी भलताच ॲम्प पाहून चपापला, तेव्हा मेयॉलने त्याला सांगितलं होतं की दोनेक वर्षांत हा ग्रीनच सगळ्यांत भारी ठरेल.

पुढच्याच वर्षी ग्रीनने स्वतःचा बँड काढला आणि नाव कुणाचं दिलं? ड्रमर मिक फ्लीटवुड आणि बास वाजवणारा जॉन मॅकव्ही यांचं. फ्लीटवुड मॅक. मॅकव्ही तर तेव्हा बँडमध्ये आलाही नव्हता! आज हे नाव घेतलं की बहुतेकांना 1977 चा 'रूमर्स' हा अल्बम आठवतो. त्यात ग्रीन कुठेच नाही.

त्याच्या आवाजाबद्दल गिटारवाले तासन् तास बोलतात, म्हणून तेही सांगून टाकतो. त्याच्या 1959 च्या लेस पॉल गिटारच्या एका पिकअपमधलं, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणाऱ्या भागातलं, लोहचुंबक उलटं बसलेलं होतं. दोन्ही पिकअप एकदम चालू केले की दोघांच्या लहरी एकमेकींना छाटतात, जाड भाग निघून जातो आणि उरतो तो बारीक, थोडासा नाकातला आवाज. पुढे ती गिटार गॅरी मूरकडे गेली, आता ती मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. पण चुंबक उलटं केल्याने कुणी पीटर ग्रीन झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. अमेरिकेतला ब्लूजचा मोठा गिटारवादक बी. बी. किंग याने म्हटलं होतं, याच्याइतका गोड आवाज मी ऐकला नाही, आणि मला घाम फुटला तो या एकट्यामुळे. किंगने ऐकलं ते हे, की या माणसाला तार ओढून हव्या त्या श्रुतीवर नेता येते आणि तिथे पोचल्यावर गप्प राहता येतं. आपल्याकडे चांगला गवय्या जागा घेऊन थांबतो, तसं.

'ब्लॅक मॅजिक वुमन' हे गाणं सगळ्यांना गिटारवादक सँटानाचं वाटतं. ते ग्रीनचं, 1968 चं. इंग्लंडमध्ये ते 37 व्या क्रमांकावर अडकलं. मग आलं 'अल्बाट्रॉस': शब्द नाहीत, ड्रमवर मऊ गोळ्यांच्या काठ्या, लाटांसारखा ठेका, वर दोन गिटारी. 1969 च्या सुरुवातीला ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. त्यात वेगाचं प्रदर्शन शोधाल तर हाती काही लागणार नाही.

आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'मॅन ऑफ द वर्ल्ड'. इथे मला जरा रेंगाळायचंय. गाणारा म्हणतो, माझी हकीकत सांगू का? सगळं आहे, दुसरं कुणी व्हावंसंही वाटत नाही, फक्त जन्माला आलो नसतो तर बरं झालं असतं. हे गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं! लोकांनी ते गुणगुणलं, पोरींनी त्यावर डोळे पुसले असतील, पण याला काही होतंय असं फारसं कुणाला वाटलं नसावं. चाल इतकी गोड की शब्द कानावरून निसटतात.

ग्रीनविषयी एक दंतकथा सांगितली जाते. मार्च 1970 मध्ये म्युनिकजवळच्या एका कम्यूनमध्ये एलएसडी हे भास घडवणारं नशेचं द्रव्य घेतलं आणि तिथून माणूस परत आलाच नाही. कथा रंगते, म्हणून टिकते. त्या रात्रीने घाव घातला नाही असं मी म्हणत नाही. पण तारखा लावून पाहा: 'मॅन ऑफ द वर्ल्ड' त्या रात्रीच्या जवळजवळ वर्षभर आधीचं आहे. पैशांना राक्षस ठरवणारं 'द ग्रीन मनालिशी' देऊन मे 1970 मध्ये तो बँडमधून निघाला, पैसे वाटून टाकू लागला. पुढे स्किझोफ्रेनियाचं निदान, इस्पितळं, विजेचे झटके. वेडा प्रतिभावंत वगैरे लेबलं मला सहन होत नाहीत. तो आजारी होता, आणि आजारपणात त्याचं वाजवणं थांबलं. नव्वदच्या दशकात तो स्प्लिंटर ग्रुप घेऊन पुन्हा रंगमंचावर आला. हात पूर्वीसारखे नव्हते, तरी लोक ऐकायला जात. 25 जुलै 2020 ला तो गेला, वय 73.

आता तेच 'मॅन ऑफ द वर्ल्ड' लावतो. आवाज वाढवा म्हणून मागून कुणी हात करू नका. त्याची सुरुवात तेवढीच हळू आहे.