पणजीची डर्बी पणजीत व्हायला हवी

नमस्कार श्रोतेहो. आज फुटबॉलवर बोलायचंय, आणि त्यातही एकाच शहरातल्या दोन क्लबांमधल्या चुरशीवर, म्हणजे ज्याला आपण डर्बी म्हणतो तिच्यावर. डर्बी म्हटलं की सगळ्यांना आधी कोलकाता आठवतं, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, सॉल्ट लेकचं ते भलंमोठं स्टेडियम, बागानवाल्यांची खूण कोळंबी आणि ईस्ट बंगालवाल्यांची हिल्सा मासा. ते मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्या पणजीत, मांडवीच्या काठावरच्या या एवढ्याशा शहरात, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा असे दोन क्लब आहेत आणि त्यांनी एकदा जे करून दाखवलं ते आपल्याच मुलांना आज माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

2004-05 चा सीझन. नॅशनल फुटबॉल लीग, 12 क्लब, कोलकात्याचे बडे संघ, मुंबईचा महिंद्रा, पंजाबचा जेसीटी, सगळे होते. आणि सीझन संपला तेव्हा टेबलात पहिला धेंपो आणि दुसरा स्पोर्टिंग, मध्ये फक्त 2 गुणांचं अंतर! म्हणजे अख्ख्या भारतात पहिला नंबर पणजीचा आणि दुसरा नंबरही पणजीचाच. त्यात स्पोर्टिंग तर 1999 साली सुरू झालेला क्लब, जेमतेम सहा वर्षांचं वय, आणि समोर धेंपोसारखं जुनं नाव, खाण उद्योगातल्या घराण्यानं साठच्या दशकापासून उभं केलेलं. एवढ्या लहान शहरात ही गोष्ट घडली, जिथं सांतिनेजचा माणूस एका क्लबाचा आणि ताळगावातला त्याचा मेहुणा दुसऱ्याचा, आणि रविवारी जेवायला दोघं एकाच पानावर.

त्याच सीझनची एक आठवण मात्र फार जड आहे. 5 डिसेंबर 2004, बंगळुरूला फेडरेशन कपची फायनल, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर, त्यानं दोन गोल मारले, धेंपो 2-0 नं जिंकला, पण दुसरा गोल मारताना गोलकीपरशी टक्कर झाली आणि तो मैदानावर पडला तो परत उठलाच नाही. कप आला आणि माणूस गेला. क्लबनं त्याची 10 नंबरची जर्सी निवृत्त केली. आणि त्या धक्क्यातून उठून त्याच संघानं काही महिन्यांनी लीग जिंकली, आर्मांदो कुलासो कोच होते. लीग जिंकण्याचं कौतुक सगळे करतात, पण मला त्या मुलांच्या छातीचं जास्त वाटतं.

आता एक गोष्ट मला कायम खुपत आलीय ती सांगतो. दोन्ही क्लब पणजीचे, पण त्यांच्या लीगच्या बहुतेक मॅचेस व्हायच्या कुठं, तर मडगावला, फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर. कारण त्या दर्जाचं स्टेडियम पणजीत नव्हतंच. म्हणजे पणजीची डर्बी बघायला पणजीच्या माणसानं कदंबाची शटल बस पकडायची, जुवारी पूल ओलांडायचा, वेर्णा-नुवें करत मडगाव गाठायचं आणि संध्याकाळी परत तोच प्रवास. कामावरून सुटून कोण जाणार सांगा? म्हातारी माणसं तर नाहीच, बायका-मुलंही कमीच. डर्बीला खरा रंग चढतो तो शहरानंच. सकाळी बाजारात चर्चा पाहिजे, दुपारी दुकानं थोडी लवकर बंद झाली पाहिजेत, मॅच संपल्यावर रस-ऑम्लेटच्या गाड्यावर हरलेल्यानं जिंकलेल्याला पैसे द्यायला पाहिजेत. ते पणजीला मिळालंच नाही. केशरी जर्सीवाले आणि धेंपोवाले दोघं 30-35 किलोमीटरवर जाऊन भांडले, आणि तरीही भांडण एवढं कडक झालं की देशातले पहिले दोन क्लब त्यातून निघाले!

आणि हे एका वर्षापुरतं नव्हतं हो. 2006-07 पासून 2012-13 पर्यंत सलग 7 वर्षं देशाची लीग गोव्यातच राहिली. धेंपो चार वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. 2007-08 ला नॅशनल लीगच्या जागी आय-लीग सुरू झाली तेव्हा 10 संघांत 4 गोव्याचे. लोक विचारतात एवढंसं राज्य, हे जमलं कसं? माझं उत्तर सोपं आहे, शेजारी सोडत नव्हता म्हणून. धेंपोचा स्ट्रायकर रँटी मार्टिन्स, त्याला अडवायचं तर बचाव पक्का करावाच लागायचा, त्यांच्याच बेटोचा पास कापायचा तर मिडफिल्डला धावावंच लागायचं, आणि हे वर्षातून एकदा नाही, देशाची लीग, गोव्याची प्रो लीग, कप धरून पुन्हा पुन्हा. शेजाऱ्याकडून हरलं की दुसऱ्या दिवशी पावाच्या दुकानात तोंड दाखवणं कठीण, म्हणून प्रॅक्टिसला दांडी नाही.

काही जणांना अजून वाटतं की फुटबॉल म्हणजे फक्त मडगावकडच्या सासष्टी तालुक्याचा खेळ, आपला नव्हे. असं कसं म्हणता? ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकरच्या गोलमध्ये उभे राहिले, भारताचे कॅप्टन झाले, अर्जुन पुरस्कार मिळाला. धेंपोचे समीर नाईक, महेश गवळी, ही नावं तर आपल्या शेजारच्या घरांतली वाटतात. समीर खेळाडू म्हणून जिंकला आणि मग त्याच क्लबचा कोच झाला. देवळाच्या जत्रेला जाणारं पोर आणि चर्चच्या फेस्ताला जाणारं पोर एकाच मातीत चिखल खात खेळतं, हे गोव्यात आहे ते जपायला हवं.

मग बिनसलं कुठं? 2016 साली. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, वरची लीग आणि आय-लीग खालची असा बेत भारतीय फुटबॉल फेडरेशननं मांडला, तेव्हा साळगावकर आणि स्पोर्टिंगनं माघार घेतली आणि धेंपोही बाहेर पडला. मैदानावर हरून नाही, नाराज होऊन गेले. आयएसएलमधला एफसी गोवा माझाही क्लब आहे, 2021 चा ड्युरंड कप आला तेव्हा मीही ओरडलोय. पण एफसी गोवा सगळ्या राज्याचा, त्याचा सामना कायम बाहेरच्याशी. मडगावचा आणि पणजीचा, दोघांचा एकच क्लब असला की घरातल्या घरात चुरस करायची कुणाशी?

धेंपो 2024-25 ला आय-लीगमध्ये परत आला याचा मला खूप आनंद झाला. स्पोर्टिंग गोवा प्रोफेशनल लीगमध्ये खेळतोय, 2023-24 ची प्रो लीग त्यांनीच जिंकली. म्हणजे दोन्ही क्लब जिवंत आहेत, पोरं आहेत, एल्ल्याला धेंपोची अकादमी आहे. नाही ते फक्त पणजीत जमणारं पब्लिक.

म्हणून माझी मागणी एकच. कांपालला मांडवीजवळ भाऊसाहेब बांदोडकर मैदान आहे, तिथं प्रदर्शनं होतात, कार्यक्रम होतात. वर्षातून निदान एक धेंपो-स्पोर्टिंग मॅच तिथं खेळवा, तात्पुरत्या गॅलऱ्या उभ्या करा, शनिवार संध्याकाळ ठेवा म्हणजे शाळेची मुलं येतील, मिरामार-करंजाळ्याचे लोक चालत येतील. आणि श्रोतेहो, ते होईपर्यंत पेपरातलं क्रीडा पान उघडून प्रो लीगचं वेळापत्रक बघा, म्हापशाच्या धुळेर स्टेडियमवर असो की आणखी कुठं, या दोघांची मॅच असेल तर घरातल्या एका तरी पोराला घेऊन जा, आणि क्लब कुठला धरायचा ते त्यालाच ठरवू द्या, तुमच्या विरुद्ध बाजूचा धरला तर फारच छान. नमस्कार.