रिक्वायरमेंट आधी की डिझाइन आधी?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली सगळ्यांचा एकच प्रश्न: ‘दादा, सॉफ्टवेअर बनवताना रिक्वायरमेंट (म्हणजे काय हवंय ते) आधी की डिझाइन (म्हणजे ते कसं दिसेल, कसं चालेल ते) आधी?’

रिक्वायरमेंट गोळा करायची नेहमीची पद्धत: इंटरव्ह्यू घ्या, जुनी रजिस्टरं चाळा, लिहून काढा, सही घ्या. हे तुम्हाला येतं, पुढे जाऊ.

घोळ ‘तुम्हाला काय हवंय?’ या प्रश्नापाशी आहे. एका दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरचं काम होतं माझ्याकडे. संकलनावरचे काका म्हणाले, ‘खाते नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). झालं.’ लिहिलं, सहीसुद्धा झाली. मग मी पेन्सिलने स्क्रीन काढली आणि पहाटे काट्याशेजारी कागद ठेवला. म्हटलं, आज यावरच करा. तिसऱ्याच किटलीला काका थांबले. ‘म्हशीला एवढी कमी फॅट? ढवळून परत लावतो.’ आणि कागदावर दुसऱ्या टेस्टला जागाच नाही! काकांनी स्वतःच समासात चौकट काढली. आता सांगा, ती रिक्वायरमेंट की डिझाइन?

काकांनी लपवलं नव्हतं हो. रोज हाताने होतं ते तोंडावर येतच नाही. दहा इंटरव्ह्यू घ्या, येणार नाही. किटली समोर आली की येतं.

आणि कृपा करून रंगीत, चकचकीत स्क्रीन नेऊ नका. ती बघून माणूस ‘छान आहे’ म्हणतो आणि चहा मागवतो. त्यावर पेन्सिल चालवायची हिंमत कोण करेल?

या कागद-पेन्सिलीवर एकाची कमेंट आहे, ‘ही तर बालवाडी झाली.’ अहो, १९८१ ते १९८५ च्या युटोपिया प्रकल्पात स्कँडिनेव्हियातल्या संशोधकांनी छापखान्याच्या कामगारांबरोबर हेच केलं. पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर ‘लेझर प्रिंटर’ अशी चिठ्ठी, आणि पान लावायचं (मजकूर, चित्रं पानावर जुळवायचं) काम त्याच्याभोवती करून बघायचं. कामगारांची संघटना प्रकल्पात भागीदार होती, नुसती शेवटी टेस्टिंगला बोलावलेली नव्हती. आपल्याकडे मीटिंगला चेअरमन येतात, आणि काकांना काय हवंय ते चेअरमनच सांगतात! किटली कधी उचललीय का त्यांनी?

हा बघा तो कागद, दुधाचे डाग आहेत अजून. कोपऱ्यात ‘गा’ आणि ‘म्है’ दिसतंय? एकाच खात्यावर दोन्ही दुधं येतात, तेही सहीच्या कागदात नव्हतं. त्याचं काय केलं ते पुढच्या भागात. भेटू!