इंजिनाचं पाणी जोखताना

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै अर्धा सरला. आमच्या बेलापूरला दिवाळे कोळीवाड्याच्या जेटीवर आत्ता गेलात, तर ताडपत्र्यांनी शाकारलेल्या होड्या दिसतील आणि त्यांच्या आडोशाला जाळी तुणत बसलेली माणसं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणजे एकूण ६१ दिवस. माणसाला तेवढी विश्रांती बरी, पण इंजिनाला ती मानवत नाही. पावसाळी हवेत ते आतून गंजत असतं. ऑगस्टचा पहिला आठवडा उजाडला की माझ्या वर्कशॉपचा फोन ठणाणा करायला लागतो. ‘दादा, कालपरवापर्यंत चांगलं चालत होतं, आता सुरूच होत नाय.’ हे कालपरवा म्हणजे मे महिना, हे मला विचारून घ्यावं लागतं.

तीसेक वर्षं मी होड्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करतोय, एका सिलिंडरच्या इंजिनापासून सहा सिलिंडरच्या इंजिनापर्यंत. त्याआधी बाबांच्या होडीवर हॅन्डल मारायचो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. होडीचं इंजिन चालतं डिझेलवर आणि मरतं पाण्याने. कधी पाणी नको तिथे शिरलं म्हणून, तर कधी हवं तिथे पोचलं नाही म्हणून. तेव्हा आज मी फक्त पाण्याबद्दल बोलणार आहे. हॉर्सपॉवर, कंपनी आणि किंमत यांवर बोलणारे जेटीवर पुष्कळ आहेत.

टाकीपासून सुरुवात करू. डिझेल पाण्यापेक्षा हलकं. लिटरभर पाणी एक किलो भरतं, तेवढंच डिझेल साधारण ८३० ग्रॅम. म्हणून टाकीत शिरलेलं पाणी तळाशी जाऊन बसतं, आणि इंजिनाकडे जाणारी नळीही तळाजवळूनच निघते. पाणी झाकणातून येतं, कॅनमधून येतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण अर्धी रिकामी टाकी स्वतःच पाणी तयार करते, हे सांगितलं तर लोक माझ्याकडे बघून हसतात. पावसाळ्यातली ओलीगच्च हवा टाकीत शिरते, रात्री पत्रा गार पडला की आतून दव धरतं आणि थेंब ओघळतात. दोन महिने रोज रात्री हेच चालतं. शिवाय डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात, तिथे जंतू वाढतात आणि त्यांचा काळा, शेवाळासारखा बुळबुळीत गाळ होतो. पहिल्याच फेरीत होडी हलली की तो ढवळून वर येतो आणि फिल्टर तुंबतो. म्हणून होडी शाकारताना टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत हवेला जागाच उरत नाही. ‘दादा, पैसे अडकतात,’ असं म्हणतात. अडकतात खरे, पण ऑगस्टमध्ये ते डिझेल तुमचंच असतं. पंपाच्या दुरुस्तीला गेलेले पैसे मात्र परत येत नाहीत.

थोड्याशा पाण्याने एवढं काय बिघडतं, असं वाटेल. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. त्यात हवा १६ ते २० पट दाबली जाते, ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि अशा हवेत नोझलने डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. फवारा धुक्यासारखा बारीक हवा, म्हणून डिझेल पंपातला प्लंजर इतका घट्ट बसवलेला असतो की भोवतालची फट दोन-चार मायक्रॉनची. आपल्या डोक्याचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. एवढ्याशा फटीत ऑईल पोचत नाही, तिथे डिझेल हेच वंगण असतं. त्याच्या जागी पाणी गेलं, तेही खारं, की प्लंजर ओरखडतो, गंजतो, अडकतो. बाहेरून इंजिन नवंकोरं दिसतं, आणि आत पंप संपलेला असतो.

उपाय पाच मिनिटांचा आहे. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या तळाशी स्क्रू असतो. इंजिन सुरू करण्याआधी तो सैल करून थोडं डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि उजेडात धरा. तळाशी गोळ्यासारखं वेगळं काही दिसलं तर ते पाणी. निव्वळ डिझेल येईपर्यंत सोडत राहा. नंतर इंजिनाने एअर धरली असेल, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा अडकली असेल, तर ती काढावी लागते. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करायचा आणि हातपंप मारत राहायचं. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळायचा. हे काम जेटीवर शांतपणे चार वेळा करून बघा. भर लाटांत, हात डिझेलने माखलेले असताना, ते पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये.

जाता जाता एक गंमत सांगतो, खरं तर दुर्दैवाची गोष्ट आहे. हे इंजिन ज्याने शोधलं तो रुडॉल्फ डिझेल स्वतः पाण्यातच गेला. १९१२ साली ‘सेलान्डिया’ नावाचं डिझेल इंजिनाचं मोठं जहाज पहिल्या सफरीला निघालं. त्याच्या पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९१३च्या रात्री, बेल्जियमहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून डिझेलसाहेब नाहीसे झाले. काही दिवसांनी त्यांचं प्रेत समुद्रात सापडलं. नेमकं काय घडलं ते कुणालाच कळलं नाही. मी शिकाऊ पोरांना ही गोष्ट सांगतो, कारण एरवी इतिहासाचं नाव काढलं की ती मोबाईल काढतात.

आता खरं दुखणं, थंड करणाऱ्या पाण्याचं. ट्रकला पुढून वारा लागतो, रेडिएटर असतो. होडीचं इंजिन तळाच्या खोलीत कोंडलेलं, म्हणून त्याला बाहेरचं पाणी ओढून थंड करायचं. काही इंजिनांत खारं पाणी थेट आतून फिरतं, काहींत आत गोडं पाणी असतं आणि खारं पाणी कूलरमध्ये त्याची उष्णता घेऊन बाहेर पडतं. पहिल्या प्रकारात तापमान ५५-६० अंशांच्या वर गेलं की मिठाचे आणि चुन्याचे थर धरायला लागतात. दुसरा प्रकार ७५-८५ अंशांवर सुखाने चालतो. आपलं इंजिन कोणत्या प्रकारचं आहे ते माहीत नसलेला माणूस मीटर बघून करणार काय?

आणि आपली ठाणे खाडी म्हणजे काही रत्नागिरीचा निळा समुद्र नव्हे. गाळ, चिखल आणि प्लास्टिकच्या पिशव्या. ओहोटीला होडी चिखलावर टेकलेली असताना इंजिन सुरू केलं, तर पंप पाणी नव्हे, गाळ ओढतो. आतलं रबराचं चक्र, म्हणजे इंपेलर, त्या गाळाने झिजतं. कोरडं फिरलं तर मिनिटा-दोन मिनिटांत फाटतं, कारण पाणी हेच त्याचं वंगण.

मी सोळा-सतरा वर्षांचा असेन. ऐरोलीच्या बाजूने आम्ही परत येत होतो, ओहोटी लागलेली, आणि वाशीच्या खाडीपुलाचे खांब पुढ्यात. इंजिनाचा आवाज जड झाला आणि तापल्याचा वास आला. मी पाना उचलून खाली धावलो. बाबा सुकाणावरून ओरडले, ‘पाना ठेव! आदी नांगर टाक, मंग इंजिनाकरं बग!’ तेव्हा राग आला. नांगर धरला आणि वर येऊन बघतो तर खांब दोन होड्यांच्या लांबीवर. पाणी ओढण्याच्या तोंडावर दुधाची पिशवी चिकटली होती. ती काढली, पंप उघडला, तर इंपेलरच्या सहा पात्यांपैकी चारच शिल्लक. बाबांकडे सुटा इंपेलर असायचा, तो बसवला आणि घरी आलो. तीन आठवड्यांनी इंजिन पुन्हा तापायला लागलं. तुटलेली दोन पाती पाण्याबरोबर पुढे जाऊन कूलरच्या नळ्यांत अडकून बसली होती. तेव्हापासून फाटलेला इंपेलर काढला की मी आधी पाती मोजतो. जेवढी कमी, तेवढी शोधून काढायची. ती सापडल्याशिवाय नवा बसवायचा नाही.

तापलेल्या इंजिनाचं झाकण लगेच उघडू नका, वाफेने तोंड भाजेल. त्याच्यावर गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जाईल. वेग कमी करा, गियर न्यूट्रलला आणा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे बघा. धार अजिबातच येत नसेल तर इंजिन बंद करा. नांगराचं सांगून झालंय.

पाण्याचा एक दगाबाज प्रकार फार थोड्या लोकांना माहीत आहे. बऱ्याच इंजिनांत थंड करून झालेलं खारं पाणी धुराच्या नळीत सोडतात आणि धुराबरोबर ते बाहेर पडतं. आता समजा इंजिन सुरू होत नाही. तुम्ही स्टार्टर मारताय, पुन्हा मारताय. प्रत्येक वेळी पंप थोडं पाणी सायलेन्सरमध्ये टाकतोय, आणि ते बाहेर ढकलायला धूर तर नाहीच. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये उतरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येऊन पाण्यावर आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून दोन-तीनदा मारून इंजिन सुरू झालं नाही, तर पाणी ओढण्याचा तळाचा व्हॉल्व्ह बंद करा, मगच पुढची खटपट. इंजिन सुरू झालं की तो ताबडतोब उघडायचा. हे विसरणारे मी पाहिलेत, आणि दोनदा मीही विसरलोय.

ऑईलमध्ये पाणी गेलंय की नाही, हे गेजची काठी सांगते. ऑईल काळं असलं तर घाबरू नका, डिझेल इंजिनात ते काळं होणारच. दुधाच्या चहासारखं दिसलं किंवा न घालताच पातळी वर चढली, तर ऑईलच्या चेंबरमध्ये पाणी आहे. गॅस्केट गेलं असेल, ऑईल कूलर फुटला असेल. अशा ऑईलवर ‘धक्क्यापर्यंत तर जाऊ’ म्हणून इंजिन चालवलं की बेअरिंगची वाट लागते. आणखी एक, ऑईल बदलायचं ते होडी बंद करताना, मे संपता संपता. वापरलेल्या ऑईलमध्ये आम्ल तयार झालेलं असतं. ते दोन महिने बेअरिंगांना कुरतडत ठेवायचं आणि ऑगस्टमध्ये नवं घालायचं, ही उलटी रीत आपल्याकडे फार आहे. काढलेलं ऑईल खाडीत ओतू नका, कॅनमध्ये भरून ठेवा. निवट्या आणि चिंबोऱ्या त्याच चिखलात राहतात, आणि त्या आपल्याच ताटात येतात.

पावसाळ्यात दर आठवड्याला इंजिन पाच मिनिटं धडधडवून बंद करणारेही आहेत. त्यांना वाटतं, आपण काळजी घेतली. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, आतली वाफ बाहेर पडत नाही, तिचंच पाणी होऊन ऑईलमध्ये उतरतं. माझं मत विचाराल तर, चालवायचं तर गियर टाकून अर्धा तास तापवा, नाहीतर हातच लावू नका.

जस्ताचं दोन वाक्यांत सांगतो. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जोडलेले असले की एक दुसऱ्यासाठी झिजतो. तो झिजणारा धातू जस्त असावा, म्हणून पंख्याच्या शाफ्टवर, सुकाणावर आणि कूलरमध्ये जस्ताचे तुकडे लावतात. अर्धा खाल्ला गेला की बदला. आणि रंग मारणाऱ्या पोराला आधीच सांगून ठेवा की त्यावर रंग लावायचा नाही. रंग लागला की जस्त झिजत नाही, मग होडी ढकलणारा पंखा झिजतो.

एका ठिकाणी मात्र पाणी आलंच पाहिजे, ते म्हणजे शाफ्टच्या ग्लँडला, शाफ्ट होडीतून बाहेर पडतो त्या सांध्याला. पंखा फिरत असताना तिथून थेंब थेंब गळावं. नवखा माणूस ते बघून घाबरतो आणि नट आवळत सुटतो. गळती थांबते, ग्लँडमध्ये भरलेली दोरी कोरडी पडून जळते आणि शाफ्टवर चरे पडतात. मिनिटाला चार-सहा थेंब पडत असतील आणि ग्लँड हाताला गरम लागत नसेल, तर पाना खिशात ठेवा.

ज्यांना हे रीतसर शिकायचंय त्यांच्यासाठी वर्सोव्याला मत्स्यव्यवसाय विभागाचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे सहा महिन्यांत नौकानयनाबरोबर डिझेल इंजिनाची देखभालही शिकवतात. आमच्या वेळी असं काही आहे हेच ठाऊक नव्हतं, बापाच्या शिव्या हीच शाळा.

तर आता १ ऑगस्टची पहाट. पाण्याला भर आहे ना, होडी तरंगतेय ना, ते बघा. बरणीत डिझेल बघून झालं, गेज बघून झाला. मे महिन्यात काढून ठेवलेला इंपेलर बसवला असेल, आणि काढलाच नसेल तर तो दाबून राहून वाकडा झालाय का ते तपासा. इंजिन आधी हाताने दोन फेरे फिरवा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर इंजिन तिथेच अडेल, काही न मोडता. तळाचा व्हॉल्व्ह उघडा. मग स्टार्ट, आणि लगेच मान बाहेर काढून पाण्याची धार शोधा. मी दहा आकडे मोजतो. तेवढ्यात धार पडली नाही तर बंद करतो. बाबा वीस मोजायचे, पण त्यांचा पंप म्हातारा होता.

नमस्कार.