ही बाटली हळूच चढवायची असते

श्रोते हो, नमस्कार.

"मॅडम, ही बाटली एवढी हळू का चाललीय? जरा चाक फिरवा ना." अतिदक्षता विभागात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आज त्याचंच उत्तर द्यायला इथे बसले आहे. ती बाटली फॉस्फेटची, म्हणजे फॉस्फरसच्या संयुगाची असते. रक्तातला फॉस्फरस फार खाली गेला की शिरेतून द्यायचं औषध.

पन्नाशीचे एक दादा डोळ्यांसमोर आणा. ते कुणी एक माणूस नव्हेत, मी पाहिलेल्या बऱ्याच जणांची त्यांच्यात सरमिसळ आहे. रोजची दारू, त्यात आठ-दहा दिवस पोटात अन्नाचा कण नाही, नुसत्या उलट्या. भाऊ उचलून दवाखान्यात आणतो. ग्लुकोजचं सलाईन लागतं, उलट्या थांबतात, दादा डोळे उघडून बोलायला लागतात. घरची मंडळी सुखावतात. बहीण डबा घेऊन येते: मऊ भात, वरण, वर वाटीभर शिरा. दादा जेवतात. आणि तिसऱ्या दिवशी दादांना मान उचलवत नाही. श्वास उथळ होतो, बोलणं भरकटतं. सगळे म्हणतात, अहो, काल तर बरे होते!

रिपोर्टमध्ये सोडियम ठीक, पोटॅशियम थोडं उतरलेलं. फॉस्फरसचा आकडाच नाही. कारण आपण 'इलेक्ट्रोलाइट्स' म्हणून जी तपासणी पाठवतो त्यात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड येतात. फॉस्फरस वेगळा मागावा लागतो. मागितला, तर येतो 0.8. मोठ्या माणसात तो साधारण 2.5 ते 4.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर असायला हवा. एकच्या खाली म्हणजे धोका.

गंमत अशी, की दादांच्या अंगात फॉस्फरस काही थोडाथोडका नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात तो सुमारे 700 ग्रॅम असतो, पण त्यातला 85 टक्के हाडा-दातांत आणि उरलेला बहुतेक पेशींच्या आत. रक्तात फिरतो तो जेमतेम एक टक्का. स्नायू आकसायला, हृदय धडधडायला, छाती-पोटामधला श्वासाचा पडदा हलायला जी शक्ती लागते, ती पेशी एटीपी नावाच्या रेणूतून घेतात, आणि त्या रेणूला तीन फॉस्फेट चिकटलेले असतात. उपाशी शरीर चरबीवर भागवतं, तोवर फॉस्फेटची ओढ कमी असते. ताटात भात-साखर आली की इन्सुलिन वाढतं, पेशी साखर आत घेतात आणि तिच्याबरोबर फॉस्फेटही ओढून घेतात. रक्तातला साठा आधीच तुटपुंजा, तो काही तासांत आटतो. म्हणजे दादांना अपाय झाला तो उपाशी राहण्याने कमी आणि प्रेमाने भरवण्याने जास्त.

याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात, आणि त्याचा धडा वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन घेतला. 1945च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश सैन्याने जर्मनीतली बेर्गन-बेल्झन छळछावणी सोडवली. आत हाडांचे सापळे झालेली माणसं. सैनिकांनी जवळचं होतं ते दिलं, डब्यातलं मांस आणि दूध. कित्येकांना ते सोसलं नाही. सुटकेनंतरही तिथे हजारो माणसं गेली, टायफसने आणि उपासमारीने. पुढे तिथे 'बेंगॉल फॅमिन मिक्श्चर' दिलं गेलं: 1943च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं तांदूळ-साखरेचं मिश्रण. युरोपातल्या त्या लोकांना ते गोडमिट्ट, नकोसं वाटलं. मग त्यात पॅप्रिका घातली, म्हणजे आपल्याकडच्या सौम्य लाल तिखटाची बहीण, तेव्हा ते घशाखाली उतरू लागलं. चव ही आजारी माणसाची चैन नसते, हे मला या प्रसंगातून फार पटतं.

आता बाटलीकडे येऊ. फॉस्फरस किंचितच कमी असेल आणि माणूस खातापिता असेल, तर दूध, अंडी, डाळी, लागलंच तर तोंडाने घ्यायचं औषध पुरतं. दादांसारखा श्वास अडायला लागला, किंवा आकडा एकच्या खाली गेला, की शीर गाठावी लागते. औषध सहसा पोटॅशियम फॉस्फेट किंवा सोडियम फॉस्फेट. ते कधीही तसंच, सिरिंजने थेट शिरेत ढकलायचं नसतं. सलाईनमध्ये पातळ करायचं आणि पंपावर चार-सहा तास चालवायचं.

का? पहिलं कारण पोटॅशियम. साठ किलोच्या माणसाला समजा 15 मिलिमोल फॉस्फेट दिलं, तर पोटॅशियम फॉस्फेटमधून त्याच्याबरोबर सुमारे 22 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम जातं. पाच तासांत गेलं तर उपकारच, दादांचं पोटॅशियमही उतरलेलंच आहे. तेच घाईने गेलं तर हृदय थांबू शकतं. चाक फिरवायला मी नाही म्हणते ते यासाठी.

दुसरं कारण कॅल्शियम. फॉस्फेट एकदम वाढलं की ते रक्तातल्या कॅल्शियमला धरून बसतं. ओठांभोवती मुंग्या, हाताला पेटके, आणि तो क्षार मूत्रपिंडात साचायची भीती. म्हणून मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा बरीच कमी करतात, कधी देतच नाहीत. आणि म्हणूनच ज्या नळीतून फॉस्फेट चाललंय तिच्यातून आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन नाही, कॅल्शियमचं इंजेक्शनही नाही. आरएलमध्ये कॅल्शियम असतं. दोघं नळीत भेटले की पांढरी कणी धरते, आणि ती कणी थेट फुप्फुसात जाऊन अडकते. 1994 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला यावर इशारा काढावा लागला. शिरेतून दिलेल्या पोषणद्रवात असे कण होऊन दोघांचा जीव गेला होता. सिस्टर फॉस्फेटसाठी दुसऱ्या हाताला वेगळी सुई टोचतात तेव्हा "आणखी किती भोसकणार" म्हणून त्यांच्यावर चिडू नका.

आणि फॉस्फरस उतरला की बाटली, असंही नसतं. रक्तवाढीसाठी शिरेतून लोहाचं इंजेक्शन देतात, त्यातलं फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज काही जणांचा फॉस्फरस मूत्रपिंडावाटे बाहेर काढायला लावतं. तिथे वरून ओतलेलंही बरंचसं लघवीतूनच जातं. हे मूलद्रव्य माणसाला सापडलं तेही 1669 साली हॅम्बुर्गमध्ये हेनिग ब्रँड लघवी आटवत बसला होता तेव्हाच, तर असो.

दादांना आम्ही आधी थायमिन देतो, बी-वन जीवनसत्त्व. दारू पिणाऱ्याला साखरेआधी ते द्यायलाच हवं. मग फॉस्फेट. पाच-सहा तासांनी बाटली संपते, पुन्हा रक्त लॅबमध्ये जातं. 1.5 येतो. दुसरी बाटली, तीही तितक्याच सावकाश. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मान उचलतात, खोकला काढतात, घोटभर पाणी नीट गिळतात.

बाहेर बाकावर बहीण डबा घेऊन बसलेलीच असते. उपचारांचे निकष आखणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2006 साली सांगितलं, की अशा माणसाला सुरुवातीला दिवसाला किलोमागे 10 कॅलरींपर्यंतच द्याव्यात. दादांच्या वजनाला त्या होतात सहाशे, आणि शिऱ्याची ती वाटी त्यातला मोठा वाटा खाऊन टाकते. मी सांगते, ताई, आज पेज, मीठ घालून, दर दोन तासांनी चार चमचे. शिरा पुढच्या आठवड्यात.

"मग पेजेत तूप तरी घालू का हो?"

घाला थोडं, म्हणते मी. तुपाने इन्सुलिन उसळत नाही.

नमस्कार.