गोमाशीचे कपाळ

(दृश्य: पडदाभर पसरलेला हिरवा डोळा)

हिरव्या पटलावर जांभळ्या पट्ट्या ओढाव्यात तसा दिसणारा हा भाग म्हणजे जिवंत गोमाशीचा संयुक्त डोळा. माशी मेली की हे रंग लवकरच विटतात आणि संग्रहातल्या टाचणीवर काळपट तपकिरी गोळा तेवढा उरतो. वाळलेला डोळा पुन्हा ओलसर केला तर पट्टे पुष्कळदा उमटतात, हे खरे. तरीही रंगाची नोंद माशी जिवंत असतानाच व्हावी, असा आमचा आग्रह आहे.

गोमाश्यांच्या टॅबॅनिडी या कुलात ४,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. पंखाच्या टोकाजवळ एक शीर दुभंगते आणि तिच्या दोन शाखा टोकाला कवेत घेऊन कडेला भिडतात. ही सबंध कुलाची खूण आहे. या कुलातल्या तीन प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे तीन गट, बसण्याच्या ढबीवरूनही वेगळ्या काढता येतात. टॅबॅनस थोराड असते आणि तिचे पंख बहुधा पारदर्शक असतात. हिमॅटोपोटा आपले करडे, नक्षीदार पंख घराच्या उतरत्या छपरासारखे पाठीवर मिटून बसते. क्रायसॉप्सचे पंख किंचित पसरलेले असतात आणि त्यांवर गडद पट्टा आडवा गेलेला दिसतो.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली डोके, समोरून)

आता डोक्याकडे पाहू. नराचे दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना चिकटलेले असतात, तर मादीच्या डोळ्यांमध्ये एक उभी पट्टी असते. तिला आपण कपाळपट्टी म्हणू. रक्त पिते ती मादीच, त्यामुळे हाती लागणाऱ्या बहुतेक माश्यांना ही पट्टी असते. तिची उंची रुंदीच्या किती पट आहे, ती वर जाताना रुंदावते की समांतर राहते, आणि तिच्यावरचा चकचकीत उंचवटा चौकोनी आहे, लांबट आहे की वर निमुळता होत गेला आहे, हे सारे पाहावे लागते. मात्र एक सावधगिरी हवी. उडून उडून झिजलेल्या माशीच्या कपाळावरची बारीक भुकटी घासून जाते, उंचवटा आहे त्याहून मोठा भासतो आणि नवशिका हमखास चुकीच्या नावाकडे वळतो.

शृंगिकेचा, म्हणजे डोक्यावरच्या मिशीसारख्या अवयवाचा, तिसरा खंड टॅबॅनसमध्ये तळाशी रुंद असून त्याच्या वरच्या कडेला दातासारखे टोक असते, तर क्रायसॉप्सची शृंगिका लांब आणि सडपातळ असते. मागच्या पायाच्या नडगीच्या टोकाशी असलेले दोन काटे क्रायसॉप्सला असतात, टॅबॅनसला नसतात. ही खूण साधी भासते, पण अर्धवट मोडलेल्या नमुन्यातही ती शाबूत राहते, म्हणून आमचा तिच्यावर विशेष जीव आहे.

(दृश्य: शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन माश्या)

युरोपातल्या या दोन मोठ्या माश्या सहज एकच वाटतील. टॅबॅनस बोव्हिनस हे नाव स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये दिले. दुसरी आहे टॅबॅनस सुडेटिकस. उदराच्या मध्यरेषेवर दोघींनाही फिकट त्रिकोण आहेत, पण बोव्हिनसचे त्रिकोण उंच असून त्या त्या खंडाच्या पुढच्या कडेपर्यंत पोहोचतात, आणि सुडेटिकसचे आखूड असल्यामुळे अलीकडेच थांबतात. जिवंतपणी बोव्हिनसचा डोळा हिरवा असतो, सुडेटिकसचा काळपट तपकिरी. म्हणजे ज्या रंगाने हा प्रश्न क्षणात सुटला असता, तोच टाचणीवर सर्वांत आधी हरवतो.

गोमाश्या जनावरांमध्ये सरा हा रोग पसरवतात आणि आफ्रिकेत क्रायसॉप्सच्या काही जाती माणसाच्या शरीरात लोआ लोआ हा कृमी सोडतात; नाव अचूक लागावे लागते ते यासाठीही.

(दृश्य: टाचणीखाली सरकणारी चिठ्ठी)

या चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख आहे, आणि तिसऱ्या ओळीत लिहिले आहे: डोळे हिरवे, पट्टा एक, माशी जिवंत असताना पाहिले.